डाव्यावरून उजवा

आमच्या दाजींना कारखान्यात सगळे ‘गुण्या’ म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं लोखंडी हत्यार. दाजी माणूस म्हणूनही तसेच. कुणाच्या घरी चहाला गेले तर आधी दाराची चौकट बघतात, मग घरातली माणसं. त्यांच्या आणि ताईच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हे एकटे मागच्या पडद्याच्या तिरक्या दांडीकडे. मी तो फोटो निघाला की आजही विचारतो, ‘दाजी, दांडी शेवटी सरळ झाली का हो?’ मेव्हण्याला एवढा हक्क असतोच.

ते फर्निचरच्या कारखान्यात मापं घेतात, आराखडे काढतात आणि हात शिवशिवले की स्वतः करवतीवर उभे राहतात. स्वयंपाकघरातली कपाटं हा त्यांचा खास प्रांत. त्यात त्यांचा एक नियम आहे, तो त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलाय की मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. दोन पल्ल्यांचं, म्हणजे दोन दारांचं, कपाट असेल तर एकच पल्ला मोजायचा, डावा. उजवा मोजायचा नाही, डाव्याचा आराखडा उलटा करायचा. दोन्ही मोजायला गेलात की केसभर फरक येतो, आणि केसभर फरक आला की पल्ले एकमेकांशी भांडत बसतात. ‘मेव्हणे,’ ते म्हणायचे, ‘उजवा हा डाव्यातच असतो.’ हे ते अशा आवाजात म्हणायचे की वाटावं, यांना झाडाखाली बसून काहीतरी गवसलंय.

ताईचं काम वेगळंच. ती एका छापखान्यासाठी घरी बसून टायपिंग करते. हाताने लिहिलेली बाडं, जुनी पुस्तकं जी पुन्हा छापायचीत, असलं सगळं तिच्याकडे येतं. खिडकीशी तिचं टेबल आहे. तिचा वेग असा की शेजारची आजी एकदा विचारायला आली होती, पत्र्यावर काय वाळत घातलंय, एवढं खडखडतंय. ताई टाइप करताना मान कागदाकडे, तोंडाने माझ्याशी गप्पा, आणि हात आपले कुणा तिसऱ्याचेच असल्यासारखे चाललेले.

तर त्या हातांपैकी उजवा दुखायला लागला. मनगटाची बाहेरची बाजू, करंगळीच्या खालची. आधी तिने मलम लावलं, मग पट्टा बांधला, मग पट्टा बांधून मलम लावता येत नाही म्हणून वैतागली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेली तर त्यांनी सांगितलं, टाइप करताना हात सारखा बाहेर वळतोय, एक तर काही महिने काम बंद करा, नाहीतर दोन तुकड्यांचा कीबोर्ड वापरा, म्हणजे दोन्ही हात खांद्यासमोर सरळ राहतील.

काम बंद करणं शक्यच नव्हतं. नुकताच तिच्याकडे झाडापानांचा एक भला जाडजूड कोश आला होता, दोन खंडांचा. अशी कामं छापखान्याकडे रोज येत नाहीत. पानं मागे पडायला लागली तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फारच प्रेमाने बोलले. जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा, एक नवीन मुलगी आलीय, तिला देऊ. ताईने फोन ठेवला. पहिला खंड वेळेत गेला नाही तर दुसरा येणार नाही, आणि त्यानंतर काहीच येणार नाही, हे तिला कळलं होतं. मला कळलं होतं. दाजींना तर इतकं कळलं की ते त्याच संध्याकाळी कामाला लागले.

बाजारात तयार कीबोर्ड मिळतात, दोन तुकड्यांचे. मी दाजींना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, हे कुणाच्या हाताचं माप आहे? मी म्हटलं, सगळ्यांच्या. ‘म्हणजे कुणाच्याच नाही,’ असं म्हणून त्यांनी फोन मला परत दिला. त्यांच्या बायकोच्या हाताला तिच्याच मापाचा कीबोर्ड हवा, आणि तो तिला आयता समोर ठेवायचा, आधी सांगायचं नाही.

न सांगता माप घ्यायचं म्हणजे पंचाईत. पण रविवारी दुपारी ताई जेवून आडवी झाली, डावा हात गादीबाहेर मोकळा पडलेला. दाजी कॅलिपर घेऊन चोरासारखे चवड्यांवर आले. मी पेपर वाचत होतो, मला त्यांनी ओठांवर बोट ठेवून दटावलं. मग एकेका बोटाची पेरं, बोटांमधली अंतरं, अंगठ्याचा कोन, सगळं मोजून हातावर पेनाने लिहून घेतलं. ताईच्या नव्हे, स्वतःच्या. तिचा उजवा हात गालाखाली होता. मी खुणेने विचारलं, तो? दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की इतक्या वर्षांत हा काहीच शिकला नाही.

पुढचे काही आठवडे दाजी हवेत होते. डाव्या तुकड्याचा आराखडा झाला: बटणांच्या रांगा आडव्या नाहीत, तर प्रत्येक बोटासाठी एक उभी ओळ, मधल्या बोटाची जरा वर, करंगळीची जरा खाली, अंगठ्याशी तीन बटणं पंख्यासारखी. मग तो उलटा केला आणि उजवा झाला. कारखान्यातल्या मशीनवर पातळ प्लायवूड कापलं. चौकोनी भोकं इतकी नेमकी की प्रत्येक स्विच टचकन आवाज करून बसायचा. स्विच कुठले घ्यायचे यावरही मोठा गोंधळ घातला. नमुने मागवले आणि कारखान्यातल्या एकेकाला डोळे मिटायला सांगून दाबायला लावले. शेवटी निवडले ते खाली टेकताना दबका, गोल आवाज करणारे, म्हणजे जड कपाटाचं दार नीट लागल्यावर येतो ना, तसला. ताईच्या जुन्या कीबोर्डच्या खडखडाटाचा त्यांना जुना राग होता.

तारांना डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम माझ्याकडे होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय आणि त्याचा घराला झालेला हा पहिला उपयोग. प्रत्येक स्विचला एक बारका डायोड, मग आडव्या तारा, उभ्या तारा, त्या सगळ्या एका चिपमध्ये. दाजी माझ्या मानेशी उभे राहून तारा काटकोनात वळवायला लावायचे. मी म्हणायचो, अहो, आत कोण बघणारे? ते म्हणायचे, मी. तळहात टेकायला त्यांनी अक्रोडाच्या उरलेल्या तुकड्यांतून दोन उशा कोरल्या आणि त्यांना हात फिरवून फिरवून असं पॉलिश केलं की कारखान्यातला पॉलिशवाला म्हणाला, गुण्याने वहिनींना सवत आणलीय.

एका रविवारी ताईसमोर ठेवला. चहाला पॉलिशवालाही आला होता. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला, तो मी विसरणार नाही. तिने दोन्ही उशांवर हात ठेवले, डाव्या हाताने काहीतरी टाइप केलं, मग दोन्ही हातांनी. एकदा थांबली. उजवा हात उचलला, बोटं चोळली, परत ठेवला. म्हणाली, सुंदर झालाय, सवय व्हायला जरा वेळ लागेल. दाजी पॉलिशवाल्याला म्हणाले, सवय कसली, मापाचाच आहे. आणि मग ते डाव्यावरून उजवा कसा काढला ते सांगत बसले, चहा गार होईपर्यंत. ताई ऐकत होती. तिचा उजवा हात मांडीवर, ओढणीखाली होता.

नंतर दाजींनी हा कीबोर्ड सगळ्या गावाला सांगितला. गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले तरी फोटो दाखवायचे. एका बाईंनी कपाटांचा रंग विचारला तर यांनी स्विचचा आवाज ऐकवला.

आणि मग तो दिवस. मला सुट्टी होती, म्हणून दाजींनी मला प्लायवूड उचलायला बरोबर नेलं. भर दुपारी लक्षात आलं की मोजायचं यंत्र घरी राहिलंय. आम्ही घरी आलो. दाजी पुढे, मी मागे, जिना चढत होतो. मधल्या वळणावर ते थांबले. इतके अचानक की माझं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं.

वरून टायपिंगचा आवाज येत होता. खडखड, खडखड, पत्र्यावर काहीतरी वाळत घातल्यासारखा.

मलाही कळायला क्षणभर लागला. दाजींना लागला नाही, नव्या कीबोर्डचा दबका आवाज त्यांनी किती पारखून निवडला होता. ते तिथेच कठड्याला धरून उभे. मला वाटलं आता वर जाऊन काहीतरी बोलणार. पण त्यांनी वळून मला खाली चलायची खूण केली. आम्ही दोघं मोठी माणसं चपला हातात घेऊन स्वतःच्याच घराचा जिना चोरासारखे उतरलो. खाली जाऊन दाजींनी चपला घातल्या, मोठ्यांदा खाकरले, गाडीचा हॉर्न वाजवला आणि मला उगीचच ओरडून सांगितलं, मेव्हणे, सावकाश या, पायरी निसटतीये. एकही पायरी निसटत नव्हती. त्यांनी स्वतः बसवलेल्या होत्या.

वर पोचेपर्यंत दबका, गोल आवाज सुरू झाला होता. ताई नव्या कीबोर्डवर बसली होती आणि हसून म्हणाली, आज लवकर? जुना कुठे गेला ते मला पडद्याखालच्या वायरीच्या शेपटीवरून दिसलं. दाजींनी तिकडे बघितलं नाही. यंत्र उचललं, पाणीसुद्धा न पिता निघाले. गाडीत मी एक विनोद तयार केला होता, पण तो काढावासा वाटला नाही. त्यांचे कान लाल झाले होते. सगळ्या गावाला फोटो दाखवून झाले होते आणि घरात बायको त्यांचं मन राखायला वायरी लपवत होती, तेही दुखऱ्या हाताने. एकदाच ते बोलले, समोरच्या काचेशी: ‘मला सांगायचीसुद्धा सोय नाही ठेवली मी तिला.’

दोन-तीन दिवस घरात ते पाहुण्यासारखे वागले. ताईला वाटलं कारखान्यात काही झालंय. मग एका संध्याकाळी ती बाजारात गेली असताना त्यांनी कीबोर्ड दिव्याखाली धरला. डाव्या तुकड्याची बटणं बोटांनी चकाकायला लागली होती. उजव्याचीही, पण आतल्या ओळींची. सगळ्यात बाहेरची ओळ, करंगळीची, जिथे ओळ बदलायचं आणि खोडायचं बटण होतं, ती नव्यासारखी कोरी. दाजींना आनंद झाला, खरंच. म्हणाले, वायर सुटलीय, बटण लागतच नसेल, बिचारी काय करणार. मला मीटर लावायला सांगितलं. मी लावलं. सगळी बटणं व्यवस्थित लागत होती. तो आनंद त्यांच्या तोंडावरून उतरताना मी बघितला.

ताई आली, पिशवी ठेवली, आणि टेबलावरचा मीटर, दिवा, आमची तोंडं बघून जागीच उभी राहिली. पिशवीतली कोथिंबीर निवडायचं निमित्त काढून आत निघाली होती, दाजींनी अडवलं.

‘उजवा हात दाखव बरं.’

‘काही नाही हो, बरा आहे आता.’

‘दाखव तर.’

तिने दाखवला. दाजींनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि तिला बोटं सरळ करायला सांगितलं. चार बोटं सरळ झाली. करंगळी मधल्या पेरात वाकलेलीच राहिली, एखादं खिळ्याचं टोक आत मुडपावं तशी.

‘पूर्ण कर की.’

‘एवढीच होते ती.’

दाजींनी तिच्याकडे बघितलं. मीही बघितलं. मी तिचा सख्खा भाऊ, तिच्या हातच्या चापट्या खाऊन मोठा झालो, मलाही कधी दिसलं नव्हतं.

‘कधीपासून?’

‘ड्रॉवरपासून,’ ताई म्हणाली, आणि दाजींना आठवत नाही हे बघून तिला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं. ‘अहो, लग्नानंतर तुम्ही पहिला ओटा केला ना, त्याचा तो मोठा ड्रॉवर. धाडकन लागायचा. बोट सापडलं होतं माझं.’

दाजींना आठवलं. कसं आठवलं ते मला त्यांच्या मानेवरून कळलं, कारण ती हळूहळू खाली गेली. तरी ते म्हणाले, पण तेव्हा लागलं नव्हतं ना फारसं, मी बघितलं होतं.

‘तुम्ही आधी ड्रॉवरचा कोपरा बघितला होता,’ ताई म्हणाली.

ती हसत म्हणाली. तिच्या मनात तिळभर टोमणा नव्हता, जुनी गंमत सांगावी तसं सांगितलं, आणि म्हणूनच ते लागलं. मग तिनेच घाईघाईने सावरून घेतलं: नवीन लग्न, तुमचा पहिला ओटा, कोपऱ्याची खपली निघाली असती तर तुमच्या जिवाला लागलं असतं. मलाही वाटलं आपोआप सुटेल बोट. नाही सुटलं. मग ते करंगळीचं काम अनामिका करायला लागली, तेवढ्यासाठी हात जरा बाहेर फेकावा लागतो, त्यात काय.

त्यात काय म्हणजे सगळंच. व्यायामवाल्या बाई जे म्हणाल्या होत्या, हात सारखा बाहेर वळतोय, ते हेच. मनगट कीबोर्डने दुखलं नव्हतं. ड्रॉवरने दुखलं होतं, इतकी वर्षं सावकाश.

दाजी उठून बाल्कनीत गेले. मी मागे गेलो नाही. मला त्यांची टिंगल करता येते, दुसरं काही करायची सवय नाही.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातून एक कोरी फळी आणि दोरीने रेघ मारायला सुतार वापरतात त्या निळ्या भुकटीची डबी घेऊन आले. बिजागरी कुठे बसेल ते काढायला ते हीच भुकटी वापरतात. कपाटाच्या दाराची चौकशी ते पहिल्यापासून इतक्याच काळजीने करत आले होते, हे त्यांचं त्यांनाच जाणवत होतं बहुतेक, कारण डबी उघडताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ताईच्या दहाही बोटांना त्यांनी भुकटी लावली. डोळे मीट म्हणाले, आणि हात जिथे आपोआप पडतील तिथे पडू दे, माझ्यासाठी काही करू नकोस.

ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

ताईने बोटं टेकली, उचलली, टेकली. फळीवर निळे ठिपके उमटले. डाव्या हाताचे ठिपके छान कमानीत. उजव्याचे, अंगठा सोडून, तीन कमानीत आणि चौथा कुठेतरी आत, खाली, रांग चुकलेल्या पोरासारखा. दाजी त्या एका ठिपक्याकडे बघत राहिले. मग तो जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.

त्या ठिपक्यांवरून नवा उजवा तुकडा झाला. करंगळीची ओळ आत ओढली आणि तिथे अगदी हलकी, क्वचित वापरायची दोन बटणं ठेवली. ओळ बदलायचं आणि खोडायचं काम अंगठ्याकडे दिलं. तळहाताची उशी एका बाजूला उतरती. डाव्याशेजारी ठेवला तर ओळखीचासुद्धा वाटेना. या वेळी पूर्ण व्हायच्या आधीच ताईला रोज बसवून बघितलं, आणि ती छान आहे म्हणाली की दाजी विचारायचे, छान नको, खरं सांग. ती पहिल्यांदा खरं सांगायला लाजली. मग सांगायला लागली तर थांबेचना. उशी रुतते, हे बटण जड आहे, हे उगाचच आहे, आणि तुमच्या त्या काटकोनातल्या तारा मला दिसतसुद्धा नाहीत. दाजी मान हलवत खाली बघून ऐकायचे, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे.

कारखान्यात प्लायवूड कापताना पॉलिशवाल्याने दोन्ही तुकडे बघितले. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, गुण्या, उजव्या पल्ल्याला पाणी लागलं का रे? फुगलाय. एरवी दाजींनी त्याला तासभर धरून समजावलं असतं. या वेळी ‘माप तसंच आहे’ एवढंच म्हणाले आणि फडक्यात गुंडाळून ठेवला. कुणाचं माप, का तसं, हे त्यांना त्या माणसांत सांगता येईना. फोनमधले जुने फोटो त्यांनी कधी काढून टाकले ते मला माहीत नाही, पण गिऱ्हाइकांना ते आता फक्त कपाटंच दाखवतात.

ताईचा पहिला खंड जरा उशिरा का होईना, पण गेला. व्यवस्थापकांचा फोन आला, या वेळी ते कोरडं बोलले, त्यावरून आम्हाला समजलं की काम ताईकडेच राहिलं. दुसरा खंड आलाय. मनगटाची सूज उतरतीये. करंगळी मात्र आहे तशीच राहणार, बाई म्हणाल्या, फार जुनं झालं. हे बाईंनी सांगितलं तेव्हा दाजी बरोबर होते. त्यांनी विचारलं, तेव्हाच आणली असती तर? बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या व्यायामाची माहिती द्यायला लागल्या.

आता राहिला ड्रॉवर. तो तसाच होता, इतकी वर्षं, धाडकन लागणारा. गिऱ्हाइकांच्या घरी दाजी केव्हापासून ड्रॉवर ज्यांवर सरकतो ती हळूच मिटणारी चॅनेल बसवतात, स्वतःच्या घरी बसवायची राहून गेली होती. गेल्या आठवड्यात त्यांनी तो बाहेर काढला, कडा घासून गोल केल्या, नवी चॅनेल बसवली. मी गेलो तेव्हा मला उघडझाप करून दाखवत होते. सोडला की ड्रॉवर शेवटी दम खाऊन अलगद आत जायचा. मी म्हटलं, दाजी, हा तर तुमच्याहून शहाणा झाला. ते हसले, पण थोडंच.

तेवढ्यात ताई चमचा घ्यायला आली. हातात काही नव्हतं, दोन्ही हात मोकळे. ड्रॉवर तिच्या उजवीकडे. तिने अंग वळवलं, डावा हात उजव्यावरून पलीकडे नेला आणि त्याने ड्रॉवर उघडला. उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला.

‘आता नाही लागत तो,’ दाजी म्हणाले.

‘माहितीये हो,’ ताई म्हणाली, चमचा घेतला, आणि डाव्याच हाताने ड्रॉवर लोटून पटकन मागे सरली. ड्रॉवर सावकाश, काहीही आवाज न करता आत जात राहिला, आणि तो पुरता मिटेपर्यंत दाजी त्याच्याकडे न बघता फरशीकडे बघत उभे राहिले.